नगरपालिकेचं जुनं सॉफ्टवेअर: एका दिवसात बदलायचं की तुकड्या-तुकड्याने?

संगणककक्ष
मी एका नगरपालिकेच्या संगणक विभागात काम करते. आमच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवाने असं सगळं एकाच जुन्या प्रोग्रामवर चालतं. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ लिहिलेली प्रत) आहे तो अर्धवट, आणि सर्व्हरवर जी विंडोज आहे तिला सिक्युरिटी अपडेट येणं थांबून जमाना झाला. आता निधी मंजूर झालाय आणि लगेच दोन गट पडलेत. एक गट म्हणतो एकच मोठं पॅकेज घ्या, तारीख ठरवा, त्या दिवशी जुनं बंद नवं चालू. दुसरा म्हणतो एकेक खातं हलवत जाऊ.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण खरं सांगायचं तर मला दोघांच्याही आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आज एका नाव-बदलाच्या अर्जाला जेवढ्या सह्या लागतात तेवढ्याच उद्या स्क्रीनवर लागणार असतील, तर आपण फक्त कागदाचा रंग बदलला. आधी कामाचे टप्पे कमी करा, डेटा साफ करा, मग सॉफ्टवेअर. बैठकीत हे बोललं की सगळे मान डोलावतात आणि पुन्हा डेमो बघायला बसतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

डेटाबेसकर
ताई, डेमो बघायच्या आधी जुनी टेबलं उघडून बघा. असं एक स्थलांतर मी जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. करदात्यांच्या यादीत काही नावांच्या आधी चांदणीचं चिन्ह होतं. नव्या कंपनीच्या मुलांनी तो कचरा समजून एका क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या हुकमात) साफ करून टाकला. नंतर कळलं की ती चांदणी म्हणजे 'प्रकरण कोर्टात आहे, नोटीस काढू नये'. जुन्या प्रोग्राममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून कुणीतरी कारकुनाने वर्षानुवर्षांपूर्वी ही सोय काढली होती आणि ती फक्त त्या टेबलावर बसणाऱ्यांना माहीत होती. नोटिसा गेल्या, वकील आले, सगळं झालं. पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत 'दोन भाऊ, बिल वेगळं द्यावे' असले शेरे सापडतात. ही माहिती कुठल्याही कागदपत्रात नसते, ती माणसांच्या डोक्यात असते, आणि ती माणसं रिटायर व्हायच्या आत त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला हवं.

मधुरा_के
+१. चांदणीवरून आठवलं, आमच्याकडे जन्मतारीख माहीत नसेल तर सरसकट १ जानेवारी टाकायचे. नव्या सिस्टीमने त्या सगळ्यांना एकाच दिवशी शुभेच्छांचे एसएमएस पाठवले :)

इम्प्लिमेंटेशनवाला
मी समोरच्या बाजूचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांपैकी. तुकड्या-तुकड्याने हे ऐकायला फार छान वाटतं, पण त्याची किंमत कुणी मोजत नाही. घरपट्टी नव्यात आणि पाणीपट्टी जुन्यात असली की मध्ये पूल बांधावा लागतो, मालकाचं नाव इकडे बदललं तर तिकडे बदललं पाहिजे, रोज रात्री फायली इकडून तिकडे. असे चार-पाच पूल झाले की त्यांचीच देखभाल मूळ कामापेक्षा जड होते, आणि मधेच अधिकारी बदलला किंवा पैसे संपले की अर्धं जुनं अर्धं नवं असं कायमचं राहतं. तारीख ठरली की निर्णय होतात हो. तारीख नसली की प्रत्येक खातं 'आमचं शेवटी घ्या' म्हणतं. तेव्हा मोठ्या पॅकेजला इतकं वाईट ठरवू नका.

वाचनमात्र
एरवी फक्त वाचतो पण इथे लिहावंसं वाटलं. एका तारखेला सगळं बदलण्याचं उदाहरण म्हणून बर्मिंगहॅमचं बघा. इंग्लंडमधली मोठी महापालिका. जुनं सॅप (हिशेब वगैरेचं मोठं सॉफ्टवेअर) काढून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गेले. सुरुवातीचा अंदाज सुमारे १.९ कोटी पौंडांचा होता, तो पुढे १० कोटींच्या वर गेला. बँकेत जमा झालेले पैसे आणि खात्यातल्या नोंदी यांचा मेळच बसेना, त्यामुळे हिशेब नीट बंद करता येईनात. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने आर्थिक संकटाची कायदेशीर घोषणा केली, म्हणजे कलम ११४ ची नोटीस. त्याचं मोठं कारण समान वेतनाच्या दाव्यांची देणी हे होतं, सगळं खापर सॉफ्टवेअरवर फोडणं बरोबर नाही, पण अशा वेळी स्वतःचे हिशेबच धड दिसत नसतील तर काय अवस्था होत असेल विचार करा.

इम्प्लिमेंटेशनवाला
@वाचनमात्र, उदाहरण बरोबर आहे पण निष्कर्ष मला वेगळा दिसतो. तिथे तयार पॅकेज घेतलं आणि मग ते आपल्या जुन्या पद्धतींना जुळेल असं वाकवत बसले. मूळ ठरलं होतं की पद्धत बदलायची आणि पॅकेज आहे तसं वापरायचं. म्हणजे हे उदाहरण धागाकर्तीच्याच मुद्द्याला बळ देतं, आधी काम सोपं करा. एका तारखेचा दोष त्यात दुय्यम.

संगणककक्ष
हो, हे पटलं. मी बैठकीत हेच मांडते आता.

खिडकी_चार
मी भरणा खिडकीवर बसते, मला ईआरपी (सगळ्या खात्यांचं एकत्र सॉफ्टवेअर) वगैरे कळत नाही पण रोज काय होतं ते सांगते. माणूस घरून ऑनलाइन भरतो. पैसे कापले जातात. आमच्या स्क्रीनवर मात्र थकबाकी दिसते कारण ऑनलाइनची फाईल दुसऱ्या दिवशी बँकेकडून येते आणि ती कुणीतरी हाताने चढवतं, सुट्टी आली की आणखी उशीर. मग तो माणूस मोबाईलवरची पावती घेऊन येतो, आम्ही म्हणतो प्रिंट आणा, तो प्रिंट आणतो, मी ती बघून पुन्हा टाईप करते, शिवाय रजिस्टरला पण लिहिते कारण ऑडिटला रजिस्टर लागतं. म्हणजे जे काम पूर्वी एकदा व्हायचं ते आता तीनदा होतं, आणि वर अहवालात 'ऑनलाइन भरणा वाढला' म्हणून कौतुक. लोक चिडतात ते माझ्यावर. नवं काही आणा, पण त्याच दिवशी जुनं रजिस्टर बंद करायची लेखी ऑर्डर काढा, एवढंच मागणं आहे.

डेटाबेसकर
खिडकी_चार यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. लेखी ऑर्डर हा शब्द अधोरेखित करा. ऑडिटवाल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतलं नाही तर रजिस्टर कधीच बंद होत नाही.

पूर्वेचा_वारा
एकच काम दोन मार्गांनी केलं की काय होतं याचं जपानमधलं उदाहरण सांगतो. आबू नावाचं छोटं गाव, यामागुची प्रांतातलं. एप्रिल २०२२ मध्ये कोविड मदतीचे पैसे वाटायचे होते, ४६३ कुटुंबांना प्रत्येकी १ लाख येन. यादी बँकेला फ्लॉपी डिस्कवर दिली, हो, फ्लॉपीवर. ती बरोबर होती. पण त्याशिवाय कागदाचा एक भरणा फॉर्म पण बँकेत गेला, त्यावर यादीतलं पहिलं नाव आणि पुढे एकूण रक्कम. झालं, एकाच रहिवाशाच्या खात्यात ४ कोटी ६३ लाख येन जमा! जगभर बातमी झाली ती फ्लॉपीची. माझ्या मते फ्लॉपी निर्दोष होती, गोंधळ केला तो समांतर चालणाऱ्या कागदाने.

शंतनू_र
फ्लॉपीचा विषय निघालाच आहे तर अवांतर: सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची ट्रेन कंट्रोल सिस्टीम १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू होते. बदलायचा २१.२ कोटी डॉलरचा करार २०२४ मध्ये झाला. सिलिकॉन व्हॅलीच्या शेजारी! आणि जपान सरकारने पण २०२४ मध्येच सरकारी नियमांमधून फ्लॉपीची सक्ती काढली, अशा हजारावर तरतुदी होत्या म्हणे.

मधुरा_के
आमच्या कपाटात फ्लॉपीचा अख्खा खोका आहे, मेट्रोला हव्या असतील तर कुरियर करते :D

पन्नाशीतला
जुनं म्हणजे वाईट असं सरसकट धरू नका मंडळी. कोबोल ही प्रोग्राम लिहायची भाषा १९५९ ची आहे आणि अजून बँका त्यावर चालतात. २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केलं, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि ती जुनी सिस्टीम सांभाळणारी माणसंच कमी. तिथे अडचण भाषेची कमी आणि माणसं तयार न केल्याची जास्त होती. आमच्याकडचा जुना प्रोग्राम काळ्या स्क्रीनचा होता, माऊस नाही काही नाही, पण अनुभवी बाई डोळे मिटून दोन मिनिटांत दाखला काढायच्या. नव्या वेब प्रोग्राममध्ये त्याच दाखल्याला सहा पानं उलटावी लागतात आणि प्रत्येक पानावर ते चक्र फिरत राहतं. नवं घेताना कीबोर्डवरून चालतंय का, गर्दीच्या दिवशी किती सेकंदात पान उघडतं, हे टेंडरच्या अटींत घाला. डेमो नेहमी कंपनीच्या लॅपटॉपवर दहा नोंदींवर असतो. तुमच्या खऱ्या डेटावर, तुमच्या नेटवर, तुमच्या खिडकीवरच्या माणसाच्या हातून करून दाखवा म्हणावं.

खिडकी_चार
पन्नाशीतला काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. हे आमच्या साहेबांना वाचायला देणार आहे.

लिपीवेडा
एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, ती म्हणजे जुना मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, १९९१ चं, पण ते आपल्या टेबलापर्यंत पोचायला फार वर्षं गेली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फक्त दिसायला देवनागरी. फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. अशा नोंदी युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास घोळ घालतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम छान करतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांत लोकांची आडनावं असतात. जन्मदाखल्यावर आडनाव चुकलं की त्या मुलाच्या पासपोर्टपर्यंत त्रास. तेव्हा यंत्राने बदललेली प्रत्येक नोंद मूळ रजिस्टरच्या स्कॅनशी माणसाने ताडून बघायला हवी. याला वेळ आणि पैसा वेगळा धरा, टेंडरमध्ये 'डेटा मायग्रेशन' या दोन शब्दांत हे गुंडाळू नका.

संगणककक्ष
लिपीवेडा, खूप आभार. आमच्याकडे तीन वेगवेगळे फॉन्ट आहेत, आणि कुठली नोंद कुठल्या फॉन्टमध्ये याची खूण कुठेच नाही. हा मुद्दा अंदाजपत्रकात नव्हताच.

रात्रपाळी
मी सुरक्षेवर बोलतो. मूळ प्रश्नात 'अपडेट येणं थांबलं' हे एका ओळीत आलंय, माझ्या दृष्टीने तीच आग आहे. पालिका हल्लेखोरांना आवडतात कारण सेवा बंद ठेवता येत नाहीत आणि सिस्टीम जुन्या. अमेरिकेतल्या अटलांटा शहरावर मार्च २०१८ मध्ये रॅन्समवेअर हल्ला (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) झाला, मागणी होती सुमारे ५१ हजार डॉलरची, शहराने खंडणी दिली नाही आणि सावरण्याचा खर्च लाखो डॉलरमध्ये गेला, पोलिसांच्या गाड्यांमधले जुने व्हिडिओ कायमचे गेले. पुढच्या वर्षी मे मध्ये बाल्टिमोर, मागणी १३ बिटकॉइन, तिथे घरांचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडकले, कारण पालिकेकडून थकबाकीची खात्री मिळेना. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या हॅकनीत पण घरखरेदीची हीच कथा. २०२४ मध्ये लेस्टरमध्ये सायबर हल्ल्यानंतर काही रस्त्यांवरचे दिवे दिवसाढवळ्या चालू राहिले, कारण ते नियंत्रित करणारी सिस्टीम हातात नव्हती.

आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या खिडक्यांवरचे पीसी मोजलेत का? सर्व्हर बदलून खाली तीच जुनी यंत्रं ठेवली तर दार बदलून खिडक्या उघड्या ठेवल्यासारखं होईल.

शंतनू_र
खंडणी द्यायची नाही हे तत्त्व म्हणून ठीक, पण खर्च बघता अटलांटाने देऊन टाकली असती तर स्वस्तात सुटले नसते का?

रात्रपाळी
नाही. पैसे देऊन किल्ली मिळालीच तरी तो माणूस ज्या वाटेने आत आला ती वाट तशीच राहते. सगळी यंत्रं पुसून नव्याने उभी करणं चुकतच नाही, म्हणजे खर्च तोच, वर खंडणी. आणि एकदा दिली की 'हे देतात' अशी यादी तयार होते. शिवाय ते पैसे कराचे आहेत हो, लोकांनी रांगेत उभं राहून भरलेले.

डेटाबेसकर
हल्लेखोर सोडा, घरचाच माणूस पुरे असतो. डॅलसमध्ये २०२१ साली पोलिसांचा डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना आयटी कर्मचाऱ्याच्या हातून २२ टेराबाइट पुसला गेला, त्यातला सुमारे ८ टेराबाइट परत मिळत नाही असं तेव्हा शहराने जाहीर केलं. खटल्यांचे पुरावे होते त्यात. संगणककक्ष ताई, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीच्या बाहेर, हे तर कराच. पण बॅकअप घेतला जातोय आणि बॅकअप परत चढतोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या रविवारी रिकाम्या मशीनवर अख्खा डेटाबेस चढवून बघा, आणि त्यातून एक जुनी पावती काढून दाखवा.

मुक्तस्रोत
इतकं लिहून झालं पण लिनक्सचं (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) नाव कुणी काढलं नाही? लायसनचे पैसे वाचवा, त्यातून चार चांगले प्रोग्रामर ठेवा.

शंतनू_र
जर्मनीतल्या म्युनिक शहराने केलं होतं की. आणि परत विंडोजवर गेले :)

मुक्तस्रोत
ही अर्धी गोष्ट सगळे सांगतात. म्युनिकने २००३ मध्ये ठरवलं, २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास पीसी हलवले आणि ते चालत होते. २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत जायचा निर्णय घेतला, त्यात नवीन महापौर, खात्यांच्या तक्रारी, विखुरलेले आयटी विभाग असं बरंच काही होतं. आणि त्या दहा वर्षांत त्यांनी जे सगळ्यात कष्टाचं काम केलं ते लिनक्स बसवण्याचं नव्हतं. हजारो फॉर्म, टेम्प्लेट आणि मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या सूचना) एकेका खात्याने आपापले बनवलेले होते, ते गोळा करून एकसारखे करायला त्यांना स्वतःचं वोलमक्स नावाचं साधन लिहावं लागलं. हेच इथे वर सगळे म्हणतायत.

पन्नाशीतला
लिनक्स की विंडोज हा वाद इथे नको रे बाबांनो, दुसरा धागा काढा. पण मुक्तस्रोतचा एक मुद्दा मी उचलतो. करारात लिहून घ्या की डेटा पालिकेचा आहे, आणि मागेल तेव्हा पूर्ण डेटा, टेबलांच्या नकाशासकट, कुठल्याही दुसऱ्या कंपनीला वाचता येईल अशा रूपात, जादा पैसे न घेता मिळाला पाहिजे. करार संपताना नव्हे, दर वर्षी. दर वर्षी घेतलात तर तो खरंच वाचता येतोय का ते कळेल. ताईंच्या पालिकेत आज जे झालंय, कंपनी गेली आणि कोड अर्धा, ते पुन्हा होऊ नये.

इम्प्लिमेंटेशनवाला
कंपनीच्या बाजूचा असूनही याला पूर्ण अनुमोदन. चांगली कंपनी या अटीला घाबरत नाही.

आजीची_नात
थोडं वेगळं. माझी आजी ओटीपी यायच्या आत चष्मा शोधत असते. खिडकी बंद करून सगळं ऑनलाइन हे कृपया कुणी करू नका. ज्यांना जमतं ते ऑनलाइन गेले की खिडकीवरची गर्दी कमी होईल आणि आजीसारख्यांना निवांत वेळ मिळेल, हा खरा फायदा. आणि वेबसाईट दृष्टिहीन लोकांच्या स्क्रीन रीडरवर चालते का हेही बघा, बटणाच्या जागी नुसतं चित्र टाकलं की त्यांच्यासाठी ते बटण नसतंच.

पूर्वेचा_वारा
एस्टोनियाचं नाव यायलाच हवं. २००१ पासून त्यांचा एक्स-रोड चालू आहे. सगळा डेटा एका ढिगात न आणता प्रत्येक खातं आपापला ठेवतं आणि ठरलेल्या सुरक्षित मार्गाने एकमेकांना विचारतं. जी माहिती सरकारकडे एकदा दिली ती दुसऱ्या खात्याने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही असं तत्त्व आहे. आपली माहिती कुणी बघितली हेही नागरिकाला दिसतं.

शंतनू_र
१३-१४ लाख लोकांचा देश, तो आणि आपण कसे सारखे?

पूर्वेचा_वारा
अरे, पण इथे प्रश्न एका नगरपालिकेचा आहे, देशाचा नाही. एका पालिकेत घरपट्टी खात्याने पाणी खात्याला विचारावं, नागरिकाकडे तीच झेरॉक्स पुन्हा मागू नये, एवढ्याला आकार आड येत नाही.

संगणककक्ष
सगळे प्रतिसाद प्रिंट काढून बैठकीत नेले. तुकड्या-तुकड्याने जायचं ठरतंय, पण इम्प्लिमेंटेशनवाला यांची भीती खरी आहे म्हणून प्रत्येक तुकड्याला तारीख आणि त्याच तारखेला जुनं रजिस्टर बंद करायची ऑर्डर. नाव-बदलाच्या अर्जातले तीन टप्पे काढायला साहेब तयार झालेत. आता अडलंय ते पहिला तुकडा कुठला यावर. जन्मदाखला सोपा म्हणून तो आधी, की मालमत्तांची यादी आधी?

इम्प्लिमेंटेशनवाला
जन्मदाखला आधी. लोकांना पटकन दिसतं, विश्वास बसतो.

डेटाबेसकर
मी मालमत्तांची यादी आधी म्हणेन. घरपट्टी, पाणी, परवाने, तिन्ही त्या एका मालमत्ता क्रमांकावर उभे आहेत. तो पक्का केल्याशिवाय बाकीचं केलं तर प्रत्येक खात्याचा पुन्हा वेगळा क्रमांक तयार होईल, आणि मग इम्प्लिमेंटेशनवाला म्हणतात ते पूल बांधत बसाल. दाखल्याला या क्रमांकाची गरज नाही, त्यामुळे तो दुसऱ्या माणसांकडून समांतर होऊ शकतो. एकच प्रभाग घ्या, लहान. त्यातली प्रत्येक नोंद जुन्या यादीशी, नकाशाशी आणि जागेवर जाऊन ताडा. चांदण्या आणि शेरे वेगळ्या रकान्यात उतरवा, अर्थ खिडकीवरच्या लोकांकडून विचारून.

निवृत्त_लेखापाल
उशिरा लिहितोय, पण घरपट्टीची वेळ आली की एवढं पाळा. मागणी बिलं निघायच्या महिन्यात किंवा वर्षअखेरीला बदल करू नका. जुन्या आणि नव्या दोन्हीत एक पूर्ण बिल-चक्र गणित चालवा, पण भरणा घ्यायचा एकाच ठिकाणी, नाहीतर खिडकी_चार ताईंचं काम आणखी वाढेल. प्रभागवार मागणी, वसुली, थकबाकी, सूट, आगाऊ भरणा, प्रत्येक बेरीज जुळली पाहिजे. फरक किरकोळ आहे म्हणून सोडू नका, एकूण बेरजेत किरकोळ दिसणारा फरक आत अनेकदा दोन मोठ्या चुकांचा असतो, एक अधिक एक उणे. जुळल्यावर त्या आकड्यांच्या पत्रकावर लेखा विभागाची आणि ऑडिटची सही घ्या.

खिडकी_चार
आणि जुना प्रोग्राम पूर्ण काढून टाकायचा का? जुनी पावती शोधायला लोक येतात.

निवृत्त_लेखापाल
नाही, ताई. नेटपासून तोडलेल्या एका मशीनवर नुसता बघण्यापुरता ठेवायचा, नवी नोंद करायची परवानगी काढून. जुन्या पावत्या नव्या सिस्टीममध्ये शोधता यायला लागल्या आणि रेकॉर्ड जपायची मुदत बघून वरिष्ठांनी लेखी परवानगी दिली, की मगच तो बंद.